नमुना क्रमांक नऊ

शनिवार, १४ सप्टेंबर

गल्लीत कावीळ. आज पाचवं पोर!

सकाळी भाकऱ्यांच्या रांगेत उभी होते तर मागून आवाज — "इन्शिराहबाई, तुमचं पाणी पोरांना पिवळं करतंय हो!" सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात? भट्टीवाल्याकडून पेला मागितला, त्याच्याच नळाचं पाणी भरलं आणि सगळ्यांसमोर घटाघट प्यायले. "घ्या! सतरा वर्षं मी हे पाणी तपासते. आमच्या केंद्रातून सुटतं तेव्हा त्यात जंतू औषधाला सापडत नाही." कुणीतरी म्हणालं, "तू पिशील गं, तुला पगार मिळतो त्याचा."

नाकाला मिरच्या झोंबल्या. भाकऱ्या न घेताच घरी आले. मग सासूबाईंनी, हजहून आल्यापासून सगळे ज्यांना हग्गा म्हणतात त्यांनी, कालच्या शिळ्या भाकऱ्या शेकून दिल्या आणि चकार शब्द बोलल्या नाहीत. एरवी बोलल्या असत्या.

रविवार, १५ सप्टेंबर

ऑफिसात नुसता गोंधळ. इंजिनियर लमईसाहेबांना वरून फोनवर फोन. त्यांनी माझी वही मागवली. आपल्या वस्तीतले नऊ नमुने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारचे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर — सगळे साफ. क्लोरिन हवं तेवढं. मला वाटलं, झालं, सुटलो.

कुठलं काय! साहेब म्हणाले, "बाईंचे नमुने साफ आहेत. म्हणजे तपासणीच्या दिवशी क्लोरिन होतं. मग पोरं आजारी कशानं? मधे कधीतरी बंद असणार. म्हणजे बय्यूमी झोपला."

बय्यूमीकाका क्लोरिनच्या पंपावर एकतीस वर्षं आहेत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. त्यांनी नुसती टोपी काढून हातात धरली. मीच ओरडले — "काका झोपतील? ते तर रमजानात उपाशीपोटीसुद्धा दर तासाला काटा बघतात!" साहेब म्हणाले, "मदाम इन्शिराह, तुमची वहीच सांगतेय."

माझी वही!

मंगळवार, १७ सप्टेंबर

शहदचे डोळे पिवळे झालेत. आमच्या वरच्या मजल्यावरची. सात वर्षांची. माझ्या ओट्यावर बसून पाढे म्हणते ती.

बुधवार, १८ सप्टेंबर

एक गोष्ट मला समजत नव्हती आणि आता समजली. समजली नसती तर बरं झालं असतं.

शहदची आई नळाचं पाणी पोरीच्या तोंडाला लागू देत नाही. फिल्टरवाल्याचे कॅन घेते. माझ्यासमोर घेते आणि वर "तुझा राग नाही हं" म्हणते! यावरून आमचं दोन वेळा वाजलंय. मग शहदला कुठून झालं?

संध्याकाळी तापाच्या इस्पितळात गेले. पोरगी उशीवर एवढीशी दिसत होती. सहज म्हणून विचारलं, शाळेतून येताना कुठे पाणी पितेस का?

"वगीहकाकांच्या इथे. रोज. गोड असतं."

गोड! आपलं पाणी काहीही असेल पण गोड नाही. त्याला क्लोरिनचा वास येतो, यायलाच हवा. गोड असतं ते जमिनीतलं पाणी, हापशाचं.

शहदची आई म्हणाली, "अल्ला वगीहवर रहमत करो, थंडगार असतं गं, मीच तिला म्हणते तिथे पी." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले.

बुधवार, तोच दिवस

हे लिहून टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

माझा नवरा वगीह गेला त्याला तीन वर्षं झाली. कालव्याकाठच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. पहिल्या बरसीला हग्गांनी गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या माहेरच्या बंद तेलघाण्याच्या भिंतीला पाणपोई बांधली. थंड पाण्याचा कूलर, दोन तोट्या, वर संगमरवरी पाटी — मरहूम वगीह याच्या नावे, पाणी प्या, फातिहा म्हणा. जोवर कुणी पितंय तोवर त्याच्या खात्यावर पुण्य जमा होत राहणार. ऑफिसनं कूलरवर निळ्या रंगानं ९ रंगवला. नमुना क्रमांक नऊ. घेणार कोण? मी.

पहिल्या महिन्यात गेले. बाटलीचं झाकण काढलं तोच एक म्हातारा आला, प्यायला, तोंड पुसलं, पाटीकडे बघून फातिहा म्हणाला आणि मला म्हणाला, "कोण होता गं हा? तरुण होता का?" मी बाटली तशीच बंद करून घरी आले. स्वयंपाकघरात नळ उघडला आणि ती भरली. वर ९ लिहिलं.

तेव्हापासून दर महिन्याला तेच. दोन वर्षं! त्या बाजूनं जातच नाही, मागच्या गल्लीनं जाते. स्वतःला सांगत होते — पाइप एकच, पाणी एकच, काय बिघडतंय? रांगेत पेला उंचावणारी बाई मीच ना!

गुरुवार, १९ सप्टेंबर

गेले एकदाची. पाटीकडे बघितलं नाही. काचेच्या नळीत पाणी घेतलं, गोळी टाकली. क्लोरिन असलं की गुलाबी होतं. वाट बघितली. पुन्हा दुसरी गोळी टाकली. पाणी जसंच्या तसं.

जंतूंच्या तपासणीसाठी बाटली भरली. मग भिंतीमागे गेले. तेलघाण्याच्या अंगणात जुना हापसा आहे, त्याच्या बोअरमध्ये मोटर सोडलेली. तिथून नवा करडा पाइप थेट कूलरला! आणि हापशापासून दहा पावलांवर शेजाऱ्यांचा शोषखड्डा, काठोकाठ भरलेला.

घरी आले. हग्गा मुलुखियाचा पाला निवडत बसल्या होत्या.

"हग्गा, पाणपोईला हापसा कुणी जोडला?"

"मी. बकरी ईद झाल्यावर. प्लंबरला बोलावून." मान वर न करता.

"का?"

"तुमच्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो. माझ्या वगीहच्या नावाचं पाणी कुणी नाक धरून प्यावं का?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. परत गेले, मोटरची वायर काढली, कूलरवर "दुरुस्ती चालू" अशी चिठ्ठी चिकटवली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुपारी नमाजाहून येणारी माणसं म्हणाली, हग्गा बिचाऱ्या या वयात राबतायत हो. धावत गेले. कूलर बंद म्हणून हग्गांनी दोन माठ मांडले होते, आणि हापसा हातानं मारून भरले होते! सत्तरीची बाई, घामानं निथळलेली. वर बर्फ टाकलेला. लोक पीत होते.

मी दोन्ही माठ उलटे केले. भर रस्त्यात. हग्गा माझ्याकडे बघतच राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, नवऱ्याच्या नावाचं पाणी ओततेस? लाज वाटत नाही?"

घरी येऊन सांगितलं सगळं. म्हणजे हापशाचं सगळं. घरच्या नळावर भरलेल्या बाटलीचं नाही. पाणपोईवर काल भरलेल्या बाटलीचा निकाल सकाळीच आला होता — पाण्यात मैल्याचे जंतू. आकडा लिहीत नाही.

हग्गांनी एवढंच विचारलं — "शहदला पण त्यानंच?"

"हो."

"वगीहच्या पाण्यानं?"

मी म्हटलं, शोषखड्ड्याच्या पाण्यानं, हग्गा, वगीहच्या नाही. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

शनिवार, २१ सप्टेंबर

हग्गा सकाळीच काळी अबाया घालून निघाल्या. मला वाटलं कबरस्तानात. नाही! आजारी पोरांच्या पाच घरी, आणि शेवटी वर शहदच्या आईकडे. प्रत्येक दारात एकच वाक्य: "पाणी माझं होतं. चूक माझी. माझ्या मुलाला माफ करा, त्याला काही माहीत नाही."

त्याला काही माहीत नाही! तीन वर्षं झाली जाऊन, आणि ही बाई अजून त्याच्यासाठी गयावया करते.

शहदच्या आईनं आधी दार लावून घेतलं. धाडकन. हग्गा तिथेच पायरीवर बसल्या. मी खाली जिन्यात उभी, वर जायची हिंमत नाही. थोड्या वेळानं दार उघडलं. "आत या हग्गा, गुडघे धरतील तुमचे." मग दोघींचा रडण्याचा आवाज. मग चहाच्या पेल्यांचा.

मी तेव्हाही वर गेले नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

शहद घरी आली. लिंबाएवढी पिवळी, पण भूक लागते म्हणते. अल्हम्दुलिल्लाह!

ऑफिसात मात्र भलतंच होऊन बसलंय. आरोग्य खात्याचे साहेब आले होते. हग्गांनी त्यांना सांगितलं — बकरी ईदनंतर हापसा जोडला. प्लंबर परदेशी कामाला गेलाय, फोन लागत नाही. साहेबांनी माझी वही पुढे ओढली. "नमुना नऊ. सात जुलै, साफ. चार ऑगस्ट, साफ. एक सप्टेंबर, साफ. हापसा जूनमध्ये जोडला असेल तर यात क्लोरिन आलं कुठून? म्हातारी विसरतेय. हापसा आत्ता, दोन-चार दिवसांपूर्वी जोडलेला. कावीळ त्याच्या आधीची. म्हणजे दोष पंपावरच."

हग्गा म्हणाल्या, "मी विसरत नाही." साहेब हसले. मायेनं हसले, तेच वाईट.

बय्यूमीकाकांना घरी बसवलंय. चौकशी रविवारी पुरी होणार. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "पोरी, मी तासातासाचा काटा लिहिलाय. पण माझ्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? तुझी वही पक्की आहे."

बुधवार, २५ सप्टेंबर

मी सांगितलं तर नोकरी जाईल. घरात दुसरं कमावतं माणूस नाही. नाही सांगितलं तर काका. किती सोपं गणित आहे, आणि मला ते आठवडाभर सुटत नाहीये!

गुरुवार, २६ सप्टेंबर

हात धुऊन, नमाजाआधी करतात तसं वुजू करून बसले आणि लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं असं — "नमुना क्रमांक नऊ गेली दोन वर्षं मी पाणपोईवर घेतलेला नाही. तो माझ्या घरच्या नळावर भरला आहे. माझ्या सासूबाई, हग्गा अतियात, खरं सांगत आहेत. बय्यूमी यांचा दोष नाही." सही, तारीख.

लमईसाहेबांनी वाचलं. चहा आला तो तसाच राहिला. म्हणाले, "का?"

मी म्हटलं, "तिथे उभं राहवत नव्हतं."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "हे मी कागदावर काय लिहू, मदाम?"

"लिहा की बाई आळशी होती. ते सगळ्यांना पटेल."

चौकशी होईपर्यंत निलंबित. टेबलाची किल्ली दिली. बाहेर पडताना कसं कोण जाणे, हलकं वाटलं, आणि त्याची लगेच लाज वाटली. सहा घरांतली सहा पोरं.

शनिवार, २८ सप्टेंबर

बय्यूमीकाका आले होते, पेरूंची पिशवी घेऊन. उद्यापासून ड्यूटीवर. आत आले नाहीत, दारातच उभे. मला वाटलं बोलणी खावी लागणार. म्हणाले, "दोन वर्षं? अगं, एकदा बोलायचंस. मी भरून आणली असती बाटली. माझं घर त्याच रस्त्यावर."

मग हळूच, "रागावलोय मी तुझ्यावर. पेरू खा, पण रागावलोय."

हग्गांना अजून सांगितलेलं नाही. रजा आहे म्हटलंय. उद्या सांगते.

रविवार, २९ सप्टेंबर

सांगितलं. बाटलीचं, घरच्या नळाचं, सगळं. हग्गा पेरू चिरत होत्या. हात थांबला नाही.

"ठाऊक आहे मला. दर महिन्याला ओट्यावर भरायचीस. मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. नऊ लिहायचीस वर."

मग पुढे म्हणाल्या —

"मी म्हटलं, पाण्याच्या ऑफिसातली बाई स्वतःच्या नवऱ्याच्या पाणपोईचं पाणी बाटलीत घेत नाही, म्हणजे त्या नळात नक्की काहीतरी खोट असणार. विचारलं असतं तर तू रडली असतीस. म्हणून हापसा जोडून घेतला. वासाचं आपलं उगाच सांगितलं."