मीराचं नाक

गुरुवार, २१ फेब्रुवारी २०१३, पनवेल

आज दिवसभर ते नाकच डोळ्यांसमोर. मीराचं, माझ्या नातीचं. जेमतेम दोन महिन्यांची पोर!

सकाळी तिला अंघोळ घालायला येणाऱ्या शेवंताबाईंनी तेल लावता लावता तिचं नाक चिमटीत धरून ओढलं. "नाय वडलं तर नकटी राहील. मडमेसारकं सरळ काडून देते," म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत लिझा, माझी फिलिपिनो सून, तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, आमच्याकडे पण असंच. माझी आजी रोज ओढायची."

"कशाला गं?"

"स्पॅनिश लोकांसारखं व्हावं म्हणून. पण झालंच नाही." आणि हसत हसत तिनं स्वतःचं नाक तळहातानं झाकलं. माफी मागावी तसं.

ते झाकणं काही केल्या मनातून जात नाही. तिकडे राज्य करणारे स्पॅनिश कधीच गेले, इकडचा गोरा साहेबही गेला. मग या चिमटीत अजून कोण बसलंय? आणि मी कुठली शहाणी? बारशाला बायका मीराचं नाक बघून गप्प झाल्या, तेव्हा मलाही कसंसंच झालं होतं की!

ते काही नाही. उद्यापासून अंघोळ मी घालणार. शेवंताबाई रुसल्या तर रुसू देत, माझी कंबर दुखली तर दुखू दे. नाकाला हात लावायचा नाही, कुणीच.

संध्याकाळी लिझाला तसं सांगितलं. तिनं मीराला मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई, हिचं नाक माझ्यासारखं आहे ना?"

"अगदी तुझंच," मी म्हटलं.

या वेळी तिचा हात नाकाकडे गेला नाही.