विजूचा पासपोर्ट

म्हसावद, सोमवार संध्याकाळ

विजूचा आत्ताच फोन येऊन गेला. आखातात ड्रायव्हर म्हणून गेल्यापासून एवढा हळू आवाजात कधी बोलला नव्हता. "ताई, मालकनी पासपोर्ट ठेई लिना. जपीसन ठेवस म्हने." परत मागितला, तर मालक विचारतो, तुला कुठे जायचंय?

निघताना मीच बजावलं होतं, झेरॉक्स दे, पासपोर्ट देऊ नको. ऐकलं का त्यानं? दूतावासात कळवू म्हटलं, तर नको म्हणतो, मालक चिडेल. घाबरलाय पोरगा. फोन ठेवल्यापासून मालकाचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

आप्पांना सांगितलं. वाटलं, बाप आहे, हादरेल. ते सुपारी कातरत म्हणाले, "बरं जयं. त्यानाजोडे हराई जाता. आपला गुलाबनं आधार कार्ड बी मन्हा कपाटमा शे ना?"

गुलाब आमचा सालदार, वर्षभर आमच्याच शेतात राबतो. खिडकीतून दिसत होता, गुरांना चारा टाकत. त्यानं कधी मागितलं असेल का?

मी कपाटाची किल्ली मागितली. आप्पा हसले.

"कोठे जावानं शे त्याले?"