मागची रांग

गुरुजी,

तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मला तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. खोटं कशाला बोलू, राग होता तुमच्यावर. आता मलाही निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तुमच्या जागेवर मी एकतीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं आणि माझ्या जागेवर कोणीच आलं नाही. संगीताचं पद भरायचंच राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच. रोज सकाळी शिपाई मोबाइल स्पीकरला जोडतो, प्रार्थना वाजते, पोरं हात जोडून उभी राहतात. मी दूध घेऊन परतत असते तेव्हा भिंतीवरून दिसतं. स्पीकरमधली पोरं कुठल्या तरी मोठ्या शहरातली असावीत, फार सुरात गातात. आपली पोरं त्यांच्या आवाजावर नुसती तोंडं हलवतात. पहिल्या दिवशी मी चिडून घरी आले आणि सुनेला म्हणाले, हे काय गाणं झालं का? मग चहा गाळता गाळता हात थांबला. ही विद्या या शाळेत आणली कोणी? मीच की.

तुम्हाला आपलं गायन आठवतं ना? गायन म्हणजे तास नव्हे, ती चाळीस पोरापोरींची तुकडी, जिला सगळं गाव नुसतं 'गायन' म्हणायचं. मी सातवीत तुमच्या दुसऱ्या रांगेत होते. दसरा झाला की शाळेसमोर ट्रॅक्टर लागायचे, आई-बापांबरोबर पोरं ऊसतोडीला कारखान्यावर निघून जायची आणि गायन निम्मं व्हायचं. दुसरा कोणी असता तर त्यानं उरलेल्यांना जवळ जवळ उभं केलं असतं. तुम्ही रांगा मिटू द्यायचा नाहीत. गेलेल्याची जागा तशीच मोकळी ठेवायची, तिच्यात कोणी सरकायचं नाही. "जागा मोडली तर आल्यावर हुभी कुठं राहतील?" म्हणायचात. अंबाजोगाईच्या स्पर्धेला आपण तशाच भोकाभोकांच्या रांगा घेऊन गेलो होतो. माझ्या डावीकडे दोन जागा रिकाम्या आणि उजवीकडे एक. बाजूच्या शाळेच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या, परीक्षक एकमेकांच्या कानात काही बोलत होते, आणि तुम्ही पेटीवर मान खाली घालून वाजवत होतात, जसं काही सगळे जण हजर आहेत. आपण शेवटून पहिले आलो. परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला तुम्ही सगळ्यांना भजी खाऊ घातलीत. मी एकही खाल्लं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की मोठेपणी मी गायन घेईन आणि माझ्या गायनाला भोकं नसतील.

आणि नाहीत पडली, गुरुजी. तुम्ही निवृत्त होताना मला तुमची पेटी दिलीत. "भाता फाटका हाय, पण सुराला इमानदार हाय," म्हणालात. ती घेऊन मी पहिल्याच जूनमध्ये नियम केला. गायनात यायला आलेल्या पोराला मी आधी गाऊन दाखव म्हणायचे नाही. आधी विचारायचे, दसऱ्यानंतर राहणार का? राहणार असेल तर पुढे. जाणार असेल तर मागची रांग. त्यांना हाकलता येत नव्हतं, गायनाला चाळीस डोकी दिसायला हवीत, आणि तीही बिचारी हौसेनं यायची. पण त्यांचा आवाज गाण्यात मुरला तर ती गेल्यावर गाणं फाटणार. म्हणून जूनपासूनच सांगून ठेवायचे, तुम्ही नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. तेही नीट शिकवायचे बरं का. तोंड पुरतं उघडा, शब्दागणिक उघडा, हनुवटी वर, लांबून बघणाऱ्याला गाताय असंच वाटलं पाहिजे. दसऱ्यानंतर मागची रांग गळून पडायची आणि गाण्याला पत्ताही लागायचा नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही अंबाजोगाईची ढाल आणली.

त्या ढालीचे पेढे घेऊन मी तुमच्याकडे आले होते. काकू जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही चुलीपुढे बसून पिठलं घोटत होतात, धोतराला पिठाचे हात पुसलेले. ढाल बघितलीत, खूश झालात, मला पाटावर बसवलंत. स्पर्धेला तुम्ही मागे बसून ऐकलं होतंत, म्हणून विचारलंत, "मागची रांग कुठं गेली गं?" मी म्हणाले, कारखान्यावर, नेहमीसारखी. "मग गाणं कसं काय येवढं भरलेलं?" मी मोठ्या तोऱ्यात माझी युक्ती सांगितली. मला वाटलं, पाठ थोपटतील. तुम्ही हातातला पेढा परत खोक्यात ठेवलात. पिठलं खाली लागल्याचा वास येत होता, पण तुम्ही हलला नाहीत. "गाणं बिघडलं तर बिघडू दे, बाई," म्हणालात, "पर जित्या लेकराला मुकं करू नगंस. ते पाप लई दिवस निस्तरावं लागतं." मी उठले. दारातून म्हणाले, तुम्हाला जन्मात एक ढाल मिळाली नाही म्हणून जळताय. असं मी तुम्हाला म्हणाले. त्यानंतर तुमच्या घराची पायरी चढले ती तुम्हाला न्यायला तिरडी बांधली तेव्हाच.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहितेय तिचं सांगते. आठवीतली पोर. शेळ्या राखणाऱ्या घरातली, दसऱ्यानंतर आई-बापांबरोबर उसाला जाणारी, म्हणून मागच्या रांगेत. भाद्रपदातल्या एका सुटीच्या दिवशी मी शाळेच्या मागच्या माळावरून येत होते आणि डोंगराच्या अंगाला कोणी तरी आपलंच स्पर्धेचं गाणं म्हणत होतं. तीच होती. शेळ्या चरत होत्या आणि ही दगडावर बसून पाठमोरी गात होती. अंतऱ्याची वरची जागा, जिथं माझ्या पुढच्या रांगेतल्या पोरी दरवेळी चिरकायच्या, तिथं ही सहज चढली आणि थांबली, जसं काही तिथं तिचं घर आहे. गुरुजी, मी ते गाणं संपेपर्यंत बाभळीच्या आड उभी राहिले. घरी येऊन पेटी काढली, सूर लावून पाहिला. काळी चार, आमच्या तालमीचीच पट्टी. पेटीशिवाय, तंतोतंत. त्या रात्रीचं मला काही आठवत नाही, सकाळचं आठवतं. सकाळी तालमीला ती मागच्या रांगेत आली, माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणाले, तोंड अजून मोठं उघड, दिसत नाही. तिला पुढे घेतली असती तर दसऱ्यापर्यंत सगळं गाणं तिच्यावर उभं राहिलं असतं आणि मग ट्रॅक्टर आला असता. हा हिशेब मी केला, आणि त्या वर्षीही ढाल आणली.

गेल्या आठवड्यात चौसाळ्याला भाचीच्या नातवाचं बारसं होतं. गाण्याच्या बाई आल्या म्हणून मला पाळण्याजवळ बसवलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या, वीस-पंचवीस जणी, प्रत्येकीचा सूर वेगळा, पण जीव लावून. माझं लक्ष समोरच्या एकीकडे गेलं. चाळिशीची असेल, काळवंडलेली, हातात हिरव्या बांगड्या. तोंड पुरतं उघडत होती, शब्दागणिक, हनुवटी वर. आणि आवाज नव्हता. पंचवीस बायकांत मला एकटीलाच ते कळलं, कारण ते माझं शिकवणं होतं.

घुगऱ्या वाटताना ती आपणहून आली, पाया पडली. "बाई, वळकलं न्हाई का? मी गायनात व्हते की. मागल्या रांगंत. शेळ्यावाल्यांची." मी विचारलं, पाळणा का नाही म्हटलास? ती हसली, मनापासून हसली. "मला कुठं येतंय, बाई? तुमीच सांगितलं व्हतं, व्हट हालव नुसते. तवापासून तसंच करते. तीन लेकरं झाली, तिन्हींच्या पाळण्याला असंच. कुनाला कळलंबी न्हाई." मी म्हणाले, घरात, लेकरांना झोपवताना तरी? "न्हाई बा. कशाला दुसऱ्याचं गाणं नासवायचं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या रांगेतल्या एकाही पोरीनं माझी शिकवण इतकी जपली नाही.

तिला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. की मी तुला माळावर ऐकलंय, आणि माझ्या एकतीस वर्षांत तुझ्यासारखा गळा दुसरा आला नाही. तेवढ्यानं काय झालं असतं, मला ठाऊक नाही. पंचवीस वर्षं न वापरलेला आवाज उरतो का, तेही ठाऊक नाही. बहुधा नाही उरत. पण ते तिचं होतं आणि ते माझ्याकडे होतं. आम्ही घुगऱ्या खाल्ल्या, तिनं लेकरांच्या शाळेचं सांगितलं, मी गुडघ्यांचं सांगितलं. मग मी तिच्यासोबत फाट्यापर्यंत गेले.

तुमच्या पेटीचा भाता आता पुरता गेलाय. हा कागद तिच्याच खोक्यात तळाशी ठेवीन. तुम्हाला पाठवायचा तरी कुठे? तुम्हाला सांगणार होते की मी तिला सांगितलं. ही ओळ दोनदा लिहून खोडली, वर गिरगटलेलं दिसेल. खरं असं झालं की ती बसमध्ये चढली, खिडकीत बसली, आणि बस हलल्यावर मी खालून काही तरी म्हणतेय असं बघून तिनं कानाला हात लावला. "काय, बाई? आवाज येईना!"

आवाज नव्हताच, गुरुजी. मी नुसते ओठ हलवत होते.