प्रश्न बारावा

ट्रॉनहाइम, ४ फेब्रुवारी २०२३

चि. ओदा हिस गुन्व्होरमावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, मेसेज केला तर नुसता अंगठा दाखवून मोकळी होतेस, तेव्हा म्हटलं आता कागद-पेनानेच धरावं तुला.

आमच्या अभ्यासाची पहिली मोजणी झाली. तरुण मुलींना जवळच्या माणसाकडून होणारी मारहाण आणि फोनवरून होणारा छळ, यावरच्या प्रश्नांचे फॉर्म नोव्हेंबरात तुमच्या शाळेतल्या मुलींनीही भरले होते ना, तेच. त्यावर नावं नसतात, त्यामुळे तुझा कुठला ते मला कळायची सोय नाही. पण तुमच्या फ्रोया बेटाचा निकाल मी दोनदा मोजला. एक्केचाळीस मुलींपैकी फक्त दोघींनी ‘हो’ लिहिलंय. ऑस्लोच्या बैठकीत मी ठणकावून सांगणार आहे, की जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथली पोरं हात उगारत नाहीत.

रांदीने, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, कळवलं की गाडीच्या दारात तुझी बोटं चेंगरली. लहानपणापासून धांदरटच तू. तुझ्या त्या मित्राने, सिवर्तने, दवाखान्यात नेलं म्हणे, वर घरी सॅमन मासाही आणून दिला. आई त्याच्यावर भलतीच खूश आहे. तुझं काय, ते लिही.

मावशीवरचा लोभ फोनसारखा बंद ठेवू नकोस.

तुझी,
गुन्व्होरमावशी


फ्रोया, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस ओदाचा सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. कागदावर लिहितेय कारण सिवर्त कागद वाचत नाही. फोन वाचतो. रोज संध्याकाळी मागून घेतो आणि सगळं खालून वर चाळतो.

मावशी, राग मानू नकोस, पण तुझा बारावा प्रश्न बावळट आहे. तुला प्रियकर आहे का, नसल्यास एकतिसाव्या प्रश्नाकडे जा. मी ‘नाही’वर खूण केली आणि ते खोटं नव्हतं. आमच्यात तो शब्द कोणी असाच वापरत नाही. आधी महिनोन् महिने नुसतं ‘बोलणं चालू’ असतं, मग एक दिवस दोघं बसून ठरवतात, की आता आपण प्रियकर-प्रेयसी. सिवर्तने कधी ठरवलंच नाही. विचारलं की म्हणतो, तुझी लायकी झाली की सांगेन. म्हणून मी उडी मारून थेट एकतिसाव्यावर गेले. तिथे विचारलं होतं, झोप किती तास लागते. शेजारची हेद्दाही माझ्याबरोबरच उडी मारून आली. तिच्या गळ्यात गरम वर्गातसुद्धा रुमाल असतो.

मधल्या अठरा प्रश्नांची उत्तरं आता घे. बोटं चेंगरली नाहीत, त्याने चेंगरली. माझ्या फोनची बॅटरी संपली आणि त्याच्या फोनमधल्या नकाशावरचा माझा ठिपका अकरा मिनिटं दिसेनासा झाला, म्हणून माझा हात चौकटीवर धरून त्याने दार लावलं. दोनदा, कारण पहिल्यांदा नीट लागलं नाही म्हणे. जानेवारीत होडीच्या खोपटात जाळ्यांच्या ढिगावर पाडून माझा गळा दाबला, डोळ्यांपुढे काळं होईपर्यंत. नंतर स्वतःच रडला, आणि समजूत मला घालावी लागली. माझ्या नावाने खातं काढून तो मैत्रिणींना घाणेरड्या शिव्या पाठवतो, त्यामुळे आता शाळेत कोणी शेजारी बसत नाही. सोडून गेलीस तर समुद्रातल्या मासळी वाढवायच्या पिंजऱ्याखाली नव्वद मीटर पाणी आहे, म्हणतो. तो त्या पिंजऱ्यांवरच कामाला आहे, त्याला खोली पाठ आहे.

त्याची गाडी वळणावर आली की सायलेन्सरचा आवाज येतो आणि बोलता बोलता माझं तोंड मिटतं. आईला सांगू नकोस, तिला तो देवमाणूस वाटतो. उत्तर पाठवशील ते तुझ्या विद्यापीठाच्या छापील लिफाफ्यात घाल. मला इथून काढ गं. याहून जास्त लोभ मी मागत नाही.

तुझीच,
ओदा


ट्रॉनहाइम, १५ फेब्रुवारी

चि. ओदा हिस आशीर्वाद.

बावीस वर्षं या विषयात घालवली, आणि माझ्या घरचीच पोर माझ्याच प्रश्नावरून उडी मारून निघून गेली. मला माझी लाज वाटते. चूक माझी आहे, तुझी तीळभर नाही. ऑस्लोला कळवलं, की निकाल खोटा आहे, मी येत नाही.

आता नीट वाच आणि कागद चुलीत घाल. २४ तारखेला, शुक्रवारी, सिवर्त कामावर गेला की फोन स्वयंपाकघरात चार्जरला लावून ठेव. ठिपका घरीच राहू दे. तू पावणेनऊची बोट धर. इथे ट्रॉनहाइमच्या धक्क्यावर मी असेन आणि माझ्याबरोबर पोलिसातली एक बाई असेल. आईला एवढंच सांग, की बोटीने मावशीकडे जातेय. न सांगता गेलीस तर तीच गावभर शोधत सुटेल आणि पहिलं त्यालाच विचारेल.

भेटीपर्यंत जीव सांभाळ. बाकी काही सांभाळू नकोस.

तुझी,
मावशी


फ्रोया, २ मार्च

ती. ताईस रांदीचा सा. न. वि. वि.

जबडा तारेने बांधलाय, फोनवर नुसते हुंकार निघतात, म्हणून लिहिते. परवा दवाखान्यात तू विचारलंस काय झालं, ते आता ऐक.

शुक्रवारी पिंजऱ्यावरचा पंप बिघडला आणि काम थांबलं. नवाला तो दारात हजर, हातात मासा. म्हणाला, ठिपका तर घरीच दिसतोय, ओदा कुठाय. मग त्याला चार्जरला लावलेला फोन दिसला. बोट अजून पलीकडच्या बेटावर थांबायची होती, आणि समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी हाणली असती तर तो तिच्याआधी तिथे पोचला असता. बोटीने गेली, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. तेवढ्यात त्याने तिचा फोन फरशीवर टाकला आणि बुटाच्या टाचेने सावकाश चिरडला. तेव्हा मला तिच्या बोटांचं कळलं.

मी म्हटलं, माहीत नाही. त्याने केस धरून माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा जबडा गेला. मग तोच मासा उचलून त्याचे तुकडे होईपर्यंत मला मारत राहिला. मी खाली पडून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. साडेनवाला बोट पलीकडून सुटते. साडेनऊ झाले आणि ताई, मी हसले. हसता येत नव्हतं तरी हसले. मग शेजारी आले, पोलीस आले. आता तो कोठडीत आहे.

तिचं पत्र तू उशाशी बसून वाचून दाखवलंस आणि विचारलंस, बारावा प्रश्न आता कसा लिहू. प्रियकर, मित्र, नवरा, काही लिहू नकोस. असं विचार, की अशी कुणाची गाडी आहे का, जिचा आवाज वळणावर आला की तुझं तोंड मिटतं. मला फॉर्म दिलास तर मीही ‘हो’ लिहीन. ओदाचा बाप जाऊन नऊ वर्षं झाली, त्याची गाडी केव्हाच भंगारात गेली. आवाज अजून येतो. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी नवऱ्याला प्रियकर कोण म्हणतं? मीही उडी मारून पुढे गेले असते.

पोरीला सांग, नवा फोन घेतलास की नकाशावरचा ठिपका बंद ठेव, माझ्यासाठीसुद्धा. कुठे आहेस ते मला कळायला नको. कधीमधी चार ओळी टाक, तेवढ्या लोभावर माझं भागेल.

तुझी,
रांदी