चमच्या चोचीचा टिलवा

बाई, आज सकाळी नाथसागर धरणाच्या फुगवट्यावर गेले होते आणि तुमचा पक्षी पाहिला. पाहिला म्हणजे काय झालं ते सांगते, पण तुमच्याच शिस्तीनं, आधीचं आधी.

शाळेत तुम्ही मला विज्ञान शिकवलंत, पण पाहायला शिकवलंत ते तुमच्या घरी, ओट्यापाशी. ताटलीत जिरं आणि शहाजिरं मिसळून पुढं ठेवलंत नि म्हणालात, निवड. मी वास घेऊ लागले तर हातावर चापट. "नाकानं नाय, डोळ्यानं. पाण्यावर काय पाखराचा वास घेणारेस?" मग थंडीतल्या रविवारी एसटीनं पैठणच्या बाजूला. काठच्या चिखलात चिमणीएवढे टिलवे पळताहेत. एका जातीचे पाय काळे, दुसरीचे पिवळसर, आणि चिखलात भरले की तेही सारखेच. मी घाईनं नाव ठोकून द्यायचे. तुम्ही दुर्बीण काढून घ्यायचात. "तुला काय पाहिजे ते नको सांगू, काय दिसतंय ते सांग." फार राग यायचा तुमचा.

पुढं शहरातल्या पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर तुम्ही जाऊ लागलात आणि नेमका तुम्हालाच तो दिसला. टिलव्याएवढाच, पण चोचीचं टोक चमच्यासारखं चपटं. असे पक्षी जगात थोडेच उरलेत, तेही समुद्रकाठचे. मराठवाड्यात कशाला येतील? बरोबरचे हसले. "बाई, चोचीला गारा लागला असंल." "चिखल कळतो मला," एवढं बोलून तुम्ही ज्या फिरलात, त्या मंडळींबरोबर पुन्हा कधी गेला नाहीत. मी तेव्हा कन्नडला नोकरीला होते. तुमच्यासोबत नव्हते, त्यामुळं विश्वास ठेवायला मला काही अडचण नव्हती. शेवटी दवाखान्यातही तुमचं तेच. "दिसला होता गं मला. तुला दिसला की सांग समद्यांना."

आज दिसला. कोवळं ऊन आहे, मी ओल्या गवतात पालथी पडलेय, आणि टिलव्यांच्या घोळक्यात एकाच्या चोचीचं टोक चपटं आहे. फोटो काढते. स्वच्छ आलाय. आधी कोणाला पाठवायचा, कोणाचं तोंड बंद करायचं, सगळं ठरवून टाकते. तेवढ्यात तो पुढं सरकतो, पाण्यात चोच बुडवतो, झटकतो आणि मान वर करतो. बोट कॅमेऱ्यावरच होतं, तोही फोटो निघतो. साधी, सरळ, काळी चोच. गाराच होता, बाई. मी तिथंच रडले.

तुमचाही गाराच असणार. तुम्ही शिकवलंत तसं पाहिलं तर दुसरं काही म्हणता येत नाही, आणि याचाच आज मला राग येतोय. तुम्ही असतात तर हे तोंडावर सांगण्याची माझी हिंमत झाली नसती. थर्मासमधला चहा ओतून दिला असता आणि दुसरंच काहीतरी बोलत बसले असते.

हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, म्हणून सांगते. फोटो कोणालाच पाठवले नाहीत. धुतलेल्या चोचीचा लगेच डिलीट केला. पहिला ठेवलाय. त्यात तुम्ही बरोबर आहात.