चाळीस नंबरच्या खुर्चीविरुद्ध तक्रार

४ मार्च
आजपासून रोजनिशी. महिनाअखेर मालक शोरूमचा मॅनेजर नेमणार. खुर्ची विभागात अकरा वर्षं काढलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. पुढे आठवणी लिहिताना हे कामी येईल.
सकाळी टॉयलेटमध्ये लाल दिसलं. बीट खाल्लं असणार.

५ मार्च
बायको म्हणते, या घरात बीट येऊन वर्ष झालं. मग बाहेर खाल्लं असेल. डॉक्टरकडे जा म्हणाली. तिला सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत आजारी पडायला वेळ नाही.

९ मार्च
खाज. बायकोने कपड्यांची पावडर बदलली असणार. जाब विचारला. पावडर तीच आहे म्हणे, आणि तिला व मुलीला काही होत नाही. माझी कातडी नाजूक आहे, हे या घरात कुणाला पटत नाही.

१२ मार्च, सकाळी ७.५०
टॉयलेटमध्ये चाळीस मिनिटं. मोबाइलवर मॅनेजमेंटचे तीन लेख वाचले. वेळेचा सदुपयोग. पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, ते वेगळं. मुलीने दोनदा दार वाजवलं. उद्यापासून दहा मिनिटांत बाहेर.

१३ मार्च
पंचेचाळीस मिनिटं.

१६ मार्च
ठणकतंय. आमच्या दुकानाचा नियम: आधी सेल्समनने बसून दाखवायचं, मग गिऱ्हाईकाला बसवायचं. आज चौदा वेळा बसलो, चौदा वेळा हसलो. एका बाईंनी विचारलं, डोळ्यांत पाणी का? म्हटलं, आरामामुळे. बाई दुसऱ्या दुकानात गेल्या.

१७ मार्च, जेवणाच्या सुट्टीत
उलगडा झाला! चाळीस नंबरचं मॉडेल जानेवारीत आलं. माझा त्रासही जानेवारीतलाच (हे फक्त इथे लिहितोय). दोष खुर्चीत आहे! कारखान्याला सविस्तर मेल टाकला: बसल्यावर ठणका, खाज, सकाळी रक्त, एक मऊ गाठ बाहेर येते आणि आपोआप आत जाते. मालकांना कॉपी. असा जागरूक माणूस मॅनेजर नाही होणार तर कोण?

१९ मार्च
कारखान्याची इंजिनिअर आली. खुर्चीवर शंभर किलो वाळू ठेवून दोन तास बघत राहिली. मग त्याच खुर्चीत बसून निवांत जेवली. जाताना मला हळूच विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत का? कारखाने असेच हात झटकतात.

२४ मार्च
रक्त जास्त. उभं राहवत नाही, बसवत नाही. भीती वाटते. लिहायचं नव्हतं, लिहिलं. काकांचंही असंच सुरू झालं होतं, आणि सहा महिन्यांत... जाऊ दे. बायकोला बोललो नाही. तरी तिने परवाची अपॉइंटमेंट घेऊन टाकली आहे.

२५ मार्च
मासिक मीटिंग. मालकांनी कारखान्याचा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचायला घेतला आणि मध्येच थांबता येईना म्हणून शेवटपर्यंत वाचला. खुर्चीत कोणताही दोष नाही. कळवलेली लक्षणं मूळव्याधीची वाटतात. तक्रारदाराने ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२६ मार्च
डॉक्टरांनी तपासलं. मूळव्याधच, दुसऱ्या टप्प्यातली. बाकी काही नाही. पण रक्त दिसल्यावर घरी बसून अंदाज बांधायचे नसतात, असं झापलं. किती दिवसांपासून? मी म्हटलं, आठवडा. बायको म्हणाली, तीन महिने. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.
औषध, भरपूर पाणी, भाज्या, फळं. टॉयलेटमध्ये मोबाइल बंद. बाहेर येऊन रस्त्यातच रडलो. सुटलो! बायकोने हात धरला. आता फक्त मॅनेजर व्हायचं बाकी.

३१ मार्च
टेबल विभागातली सेल्सगर्ल मॅनेजर झाली. मालक म्हणाले, त्या कामात दिवसभर बसावं लागतं, तुम्हाला कशाला तो ताप? मला कपाट विभाग दिला. तिथे उभं राहायचं असतं. जबाबदारी वाढली असंही म्हणता येईल. कपाटं उंच असतात.
दुपारी एक आजोबा कपाट बघायला आले. म्हणाले, किती वेळ उभे आहात, बसा की जरा. पलीकडून एक खुर्ची ओढून पुढे केली. मी नको म्हटलं, तेव्हा स्वतःच बसले. मी अर्धा तास कपाटाबद्दल बोललो. आजोबा खुर्ची विकत घेऊन गेले.