मोकळी जागा

१ सप्टेंबर
आज देगू शहरातल्या या इस्पितळात रुजू झाले. सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या ध्वनिफिती ऐकून एक्स-रेचे अहवाल टाइप केले. गेल्या वर्षी जुन्या इस्पितळात ऐकून टाइप करणारं यंत्र आलं आणि आम्हा सात जणींना नारळ मिळाला. इथेही यंत्रच टाइप करतं. मी फक्त ऐकायचं, चुका खोडायच्या आणि ‘कायम’ दाबायचं. प्रमुख ह्वांगबो म्हणाले, आता बोटांना पेन्शन आणि कानांना नोकरी! टेबल खिडकीशी आहे, बाहेर पर्सिमनचं झाड. आधीच्या नाम बोक-ही बाईंची उशी खुर्चीवर तशीच आहे. मऊ आहे, राहू दिली.

८ सप्टेंबर
आमचा जुना नियम: ऐकू आलं नाही तर मोकळं सोडा, डॉक्टरांना विचारा. यंत्राला मोकळं सोडणं ठाऊकच नाही. डॉक्टर बार्लीचा चहा प्यायला थांबले, तर त्या शांततेतही ते काहीबाही आजार लिहून मोकळं होतं. मी खोडत बसते. दिवसाला चारशे अहवाल. पूर्वी बोटं दुखायची, आता डोकं. घरी गेल्यावर सूप गरम करायचंही जिवावर येतं.

१५ सप्टेंबर
शुक्रवारी दमून वीस अहवाल न ऐकताच कायम केले. पाप केलं. त्यात एक बसचालक होता. यंत्राने त्याच्या अहवालाच्या शेवटी जोडलं होतं, “हृदय बंद.” आज तो गेला. बस थांब्याला नीट लावली आणि गेला. डॉक्टरांनी फोटो पुन्हा पाहिला, हृदय ठणठणीत. ह्वांगबो म्हणाले, योगायोग हो, बाई. पण ज्यांच्या ओळी मी खोडल्या होत्या, ती माणसं सगळी बरी आहेत. एकेकाला फोन करून विचारलं.

१८ सप्टेंबर
जुन्या नोंदी उघडल्या. नामबाई रोज संध्याकाळी एकच नाव खोडायच्या. स्वतःचं. अकरा महिने, रविवारीही येऊन. मग चांद्र नववर्षाची सुट्टी आली. विभाग बंद असला की न तपासलेलं सगळं सहाला आपोआप कायम होतं. पहिल्याच दिवशी, गावी, पितरांचं पान वाढता वाढता त्या —

२२ सप्टेंबर
आज माझं नाव आलं. माझा फोटो कुणी काढलेला नाही. डॉक्टर एक शब्द बोललेले नाहीत. “हृदय बंद.” खोडलं.

२३ सप्टेंबर
पुन्हा. खोडलं. उद्यापासून चुसोकची, सुगीच्या सणाची सुट्टी. ह्वांगबोंना हात जोडले, म्हटलं, सुट्टीत येऊ द्या. हसले. म्हणाले, अहो, यंत्र आहे ना, तुम्ही कशाला मरताय? घरी जा, तांदळाचे गोड सोंगप्यन खा.

२४, पावणेसहा
कुलूप. जिन्यात बसलेय. पहारेकरी किल्ली देत नाही. विचारतो, सणासुदीला घरी कुणी नाही का? आत कुणी बोलत नाहीये. म्हणजे ते लिहितंय.
दमलेय. खूप दमलेय. पण मला मरायचं नाही —
सहाला एक मिनिट. माझ्या नावापुढे काही लिहू नका. मी काही बोलले नाही. ऐकू आलं नाही तर मोकळं सो